फिल्म स्कूलची फी नेमकी कशाची?

निकाल लागले की ओळखीतल्या ओळखीतून फोन यायला लागतात. कुणाच्या वहिनीचा भाऊ, कुणाच्या शाळेतल्या मित्राची मुलगी. पोराला सिनेमाच्या लाइनीत जायचंय, फिल्म स्कूलला घालावं का? पलीकडे बहुधा वडील असतात आणि घरात या विषयावरून आधीच बरंच वाजलेलं आहे, हे त्यांच्या आवाजावरून कळतं. मी साऊंडचा माणूस, तेवढं कळायलाच हवं.

मी स्वतः फिल्म स्कूलला गेलेलो नाही. तालुक्याच्या गावी वडिलांचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, गणपती, निवडणुकीच्या सभा. कर्णा शिट्टी मारायला लागला की माइक कुठे वळवायचा हे पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी हाताला ठाऊक होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत आलो आणि अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत केबल गुंडाळायला लागलो. पुढे मालिकांवर बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरला, मग सिंक साऊंडचे, म्हणजे सेटवरचाच आवाज वापरणारे, सिनेमे मिळाले. अलीकडे पुण्या-मुंबईच्या एक-दोन संस्थांमध्ये पाहुणा मास्तर म्हणून जातो. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं दिसतं, आणि दोन्हीकडच्या बढायाही ऐकू येतात.

आमच्या, म्हणजे सेटवर शिकलेल्यांच्या, बढाईपासून सुरुवात करतो. ‘फाळके कुठल्या फिल्म स्कूलला गेले होते?’ हे वाक्य पॅकअपनंतरच्या गप्पांत हमखास येतं. आता फाळके मुंबईच्या जे. जे.त शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफी आणि छपाईची कामं त्यांनी केली आणि १९१२ साली सिनेमाचं तंत्र समजून घ्यायला थेट लंडन गाठलं. त्या काळात जी जी शाळा उपलब्ध होती तिथे हा माणूस गेला. शांताराम, दामले, फत्तेलाल यांचंही तेच. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी पडेल ते काम करत सिनेमा शिकून घेतला, मग १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली आणि काही वर्षांनी ती पुण्याला आणली. प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाचं खातं विष्णुपंत दामल्यांकडे होतं. आमच्या खात्यातला माणूस पुढे फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

स्टुडिओ बंद पडले तशी ती शिकायची जागाही गेली. १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली ती प्रभातच्याच आवारात, त्याच फ्लोअरांवर. म्हणून ‘शाळा की अनुभव’ हे भांडण मला फारसं पटत नाही. पूर्वी दोन्ही एकाच कंपाउंडात होतं आणि महिन्याला पगार मिळत होता. आता एका ठिकाणी फी भरावी लागते आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ फुकट राबावं लागतं. प्रश्न आला आहे तो या फाळणीमुळे.

सेटने मला काय शिकवलं ते सांगतो, म्हणजे उरलं काय तेही कळेल. कुठली लेन्स लागली आहे हे कळलं की फ्रेमची वरची कड कुठे असेल, हे मॉनिटर न बघता सांगता येतं. बूम त्याच्या चार बोटं वर. लाइट कुठून येतोय ते आधी बघायचं, नाहीतर भिंतीवर बूमची सावली पडते आणि सगळं युनिट तुमच्याकडे वळून बघतं. सिल्कच्या साडीखाली लेपल माइक लावला तर संवादापेक्षा साडी जास्त बोलते. बांगड्या काचेच्या आहेत का, हे कॉस्च्युमवाल्या ताईंना सकाळीच विचारायचं. जनरेटरची गाडी वाऱ्याच्या कुठल्या बाजूला लावून घ्यायची. वाईला शूटिंग असेल तर जवळच्या पिठाच्या गिरणीवाल्याशी आदल्या संध्याकाळीच चहा प्यायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दोन तास गिरणी बंद ठेवतो. टेक ओके झाला तरी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प उभं करून रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घ्यायचा, आणि त्या अर्ध्या मिनिटात प्रॉडक्शनवाला घड्याळाकडे बघतो ते न बघितल्यासारखं करायचं.

यातलं काहीही शिकायला शाळा लागत नाही. चांगला चीफ मिळाला आणि अंगात थोडी चपळाई असली की एक-दोन सिनेमांत येतं. मात्र चीफ ‘इथे माइक धर’ म्हणतो, का ते सांगत नाही. त्याला सवड नसते, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. बारा तासांची शिफ्ट, भाड्याचा कॅमेरा, नटाची दुसरीकडची तारीख. ‘का’ विचारायला त्यात फट सापडत नाही.

हे ध्यानात आलं ते एका मराठी सिनेमाच्या वेळी. माझ्याकडे सरकारी संस्थेतून साऊंड शिकून आलेली एक मुलगी असिस्टंट म्हणून लागली होती. केबल गुंडाळताना तिला पीळ पडायचा, लाइटदादा तिला ‘मॅडम, बाजूला’ म्हणून थकले होते. एका वाड्यात सीन होता : माजघरात नातेवाईक घराच्या वाटणीचं बोलताहेत आणि विधवा सासू स्वयंपाकघरात आहे. मी सवयीप्रमाणे बोलणाऱ्या सगळ्यांना लेपल लावायला घेतले. शब्दन् शब्द स्वच्छ यायला हवा, एवढंच डोक्यात. ती दिग्दर्शकाकडे गेली आणि विचारलं, “सर, हे बोलणं आपण कुणाच्या कानांनी ऐकतोय?”

दिग्दर्शक थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने एक जादा टेक मागितला. माइक स्वयंपाकघरात ठेवला, म्हातारीच्या बाजूला. पातेल्यात डाव फिरतोय, आणि दाराआडून बोलण्याचे तुकडे येताहेत. आकडे ऐकू येतात, नावं ऐकू येत नाहीत. सिनेमात तोच टेक राहिला. माझ्या आजवरच्या कामातला तो सगळ्यात चांगला आवाज असेल, आणि तो माझ्या डोक्यातून आलेला नाही. तोवर मी कितीतरी सिनेमे केले होते. हा प्रश्न कुठल्याही सेटवर कुणी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

हे कुठून आलं, असं तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, पहिल्या वर्षी चित्राशिवाय नुसत्या आवाजात गोष्ट सांगायला लावली होती. तिची पहिली तीन कामं मास्तरांनी वर्गासमोर फाडून खाल्ली. एकच सीन चित्र बंद करून पुन्हा पुन्हा ऐकवला, मग आवाज बंद करून दाखवला. त्यात महिने गेले. महिने! मी हिशोब केला, माझ्या धंद्यात एवढा वेळ एका सीनवर घालवायचा तर निर्माता विकला जाईल.

शाळेची फी बहुतेक या वेळेची असते, असं माझं मत तेव्हापासून झालं. पाहुणा म्हणून शिकवताना याची दुसरी बाजू दिसते. एका मुलाने टेकडीवर शूट केलेल्या फिल्मचा सगळा आवाज वाऱ्याने खाल्ला होता. माइकला केसाळ विंडशील्ड लावायला तो विसरला होता. सेटवर त्याला दुपारच्या जेवणाआधी घरी पाठवला असता. इथे तो त्या खराब आवाजाशी आठवडेच्या आठवडे एडिट टेबलावर बसला, डबिंग केलं, पावलांचे आवाज फोलीत, म्हणजे स्टुडिओत हाताने करून, नव्याने घेतले, वारासुद्धा वेगळा रेकॉर्ड करून आणला. आज तो वाऱ्याविषयी जेवढं जाणतो तेवढं माझ्या ओळखीतले मुरलेले रेकॉर्डिस्ट जाणत नाहीत.

तांत्रिक खात्यांचं आणखी एक आहे. आवाजाची ताकद दुप्पट झाली की मीटर तीन डेसिबलने वर जातं. पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. काटा कुठे ठेवायचा हे सेट शिकवतो, तो तिथेच का ठेवायचा याच्या मागचं गणित वर्गात बसून एकदा नीट कळलं तर पुढे कुठलंही नवं यंत्र आलं तरी माणूस बिचकत नाही. कॅमेऱ्याला आणि एडिटिंगलाही हे बऱ्याच अंशी लागू आहे. दिग्दर्शनाला तेवढं लागू नाही, आणि फोन करणाऱ्या दहातल्या नऊ पोरांना दिग्दर्शनच करायचं असतं. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. चैतन्य ताम्हाणे इंग्रजी साहित्य शिकलेला, ‘कोर्ट’ त्याने विशीत केला. नागराज मंजुळे यांची ‘पिस्तुल्या’ नगरच्या कॉलेजातल्या अभ्यासक्रमासाठी केलेली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उलट उमेश कुलकर्णी फिल्म इन्स्टिट्यूटचे, त्यांच्या डिप्लोमा फिल्मलाही, ‘गिरणी’ला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकाला सांगण्यासारखं काही असावं लागतं आणि ते कुठून येईल याचा नेम नाही. शाळेतून येतं, दवाखान्यातून येतं, ‘फँड्री’तल्या जब्याच्या वयात डुकरामागे धावूनही येतं. सुमित्रा भावे समाजकार्यातून सिनेमात आल्या, १९८५ मध्ये ‘बाई’ केली. त्यांच्याबरोबर पुढे इतकी वर्षं सिनेमे केले ते सुनील सुकथनकर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. मला ही जोडी फार शहाणी वाटते. अभिनयाबद्दल मी काही बोलत नाही, तो माझा प्रांत नाही.

आता पैशांचं. यावर संस्थांच्या माहितीपत्रकांत फीच्या तक्त्यापलीकडे काही नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विदर्भातला एक मुलगा एका महागड्या खासगी संस्थेत साऊंड शिकला. घर तारण ठेवून शिक्षणकर्ज काढलेलं. मुलगा गुणी, कान उत्तम. बाहेर पडल्यावर मी त्याला एका छोट्या मराठी सिनेमावर बूमला बोलावलं. पैसे थोडे, तेही उशिरा. मालिकांत तर काम केल्यावर नव्वद दिवसांनी चेक हातात यायचा हा रिवाजच. त्याचा बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. “दादा, करायचंय खूप, पण परवडत नाही,” म्हणाला. काही दिवस लग्नाचे व्हिडीओ केले, मग एका क्लासवाल्या कंपनीत लागला. हिरव्या पडद्यासमोर उभे राहून मास्तर फिजिक्स शिकवतात, हा त्यांचा आवाज घेतो. नोकरी पक्की, पगार वेळेवर. तो दुःखी नाही, मी उगाच रंगवून सांगणार नाही. पण ज्या कामासाठी त्याने कर्ज काढलं, ते काम त्या कर्जानेच त्याला करू दिलं नाही.

शाळा केली काय आणि न केली काय, मुंबईत उमेदवारीची दोन-तीन वर्षं कुणाला चुकत नाहीत. चार जणांत खोली, लोकलचा पास, आज काम तर उद्या नाही. डिप्लोमावाल्यालाही बूमपासून किंवा क्लॅपपासूनच सुरुवात करावी लागते. फार तर एक पायरी वर. म्हणून माझा हिशोब असा : शाळेची फी अधिक या दोन-तीन वर्षांचा मुंबईचा खर्च, ही खरी रक्कम. घरातून या दोन्हींची सोय होत असेल तर खुशाल जा. एकाचीच होत असेल तर ते पैसे दुसऱ्यासाठी ठेवा आणि शाळा सोडा. हे ऐकून मुलं नाराज होतात, वडील सुटकेचा श्वास टाकतात. मला दोघांचंही वाईट वाटतं.

सरकारी संस्थांचं गणित वेगळं. पुण्याची संस्था आणि १९९५ साली कोलकात्यात सुरू झालेली सत्यजित राय यांच्या नावाची, दोन्हींची फी बड्या खासगी संस्थांच्या मानाने बरीच कमी. मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, लेखी परीक्षा, मग मुलाखत वगैरे, आणि एकेका खात्यात जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिथे प्रवेश मिळाला तर फार विचार करू नका, जा. फक्त तीन वर्षांचं शिक्षण पाच-सहा वर्षं रेंगाळल्याच्या गोष्टी तिथे जुन्या आहेत, हे धरून चाला. २०१५ चा पुण्यातला विद्यार्थ्यांचा संप १३९ दिवस चालला. त्या संपात असलेली पायल कपाडिया २०२४ मध्ये कान महोत्सवातून ग्राँ प्री घेऊन आली, हे खरं. पण एका नावावरून कुणी आपल्या पोराचा हिशोब मांडू नये. साऊंडवाल्या रसूल पूकुट्टींच्या ऑस्करनंतर साऊंडला प्रवेश हवा म्हणणाऱ्यांची जी लाट माझ्यापर्यंत आली, त्यातल्या बऱ्याच जणांना आवाजात रस नव्हता, बाहुलीत होता.

खासगी संस्था यंत्रं दाखवतात. अमुक कॅमेरा, तमुक मिक्सिंग कन्सोल. पालक भारावतात, कारण यंत्र डोळ्यांना दिसतं. मी या धंद्यात आलो तेव्हा नाग्राची टेप अजून फिरत होती, मग डॅट आलं, मग हार्ड डिस्क, आता मेमरी कार्ड. एवढं एका माणसाच्या नोकरीच्या काळात. यंत्र भाड्याने मिळतं, अगदी एका दिवसासाठीही. संस्था बघायला गेलात तर कन्सोलसमोर कमी उभे राहा आणि कँटीनमध्ये जास्त बसा. मुलं काय बोलताहेत ते ऐका. पाहिलेल्या सिनेमांवरून भांडत असतील तर संस्था बरी आहे. प्लेसमेंटचीच चर्चा असेल तर ती इंजिनिअरिंग कॉलेजातही होते.

शाळेच्या बाजूने एक गोष्ट मी फार उशिरा ओळखली, कारण मला तिची गरज पडली नव्हती. मी पुरुष, शिवाय डबिंग स्टुडिओतला एक जण आमच्या गावाकडचा. सेटवर बघाल तर अर्धे असिस्टंट कुणाचे ना कुणाचे भाचे असतात. ज्याला मामा नाही त्याने शिरायचं कुठून? त्या केबलला पीळ पाडणाऱ्या मुलीचं घर मराठवाड्यातलं. ‘सिनेमात जाते’ म्हटलं असतं तर वडिलांनी घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. ‘केंद्र सरकारची संस्था आहे, मुलींचं हॉस्टेल आहे’ यावर ते तयार झाले. नातेवाइकांना काय सांगायचं याचं उत्तर त्यांना मिळालं. तिथे तिला बॅच मिळाली, आणि पुढची सगळी कामं बॅचमधूनच आली. कॅमेरामन बॅचमेट, एडिटर एक वर्ष सीनियर, दिग्दर्शक दोन वर्षं ज्युनियर. त्यांचे आपसातले फोन वीस-वीस वर्षं चालू राहतात. माझी काही चांगली कामं अशीच गेली, माझ्यापेक्षा सरस माणसाकडे गेली असं नव्हे, दिग्दर्शकाच्या बॅचमेटकडे गेली. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, ज्यांना मामा नव्हता त्यांनी एकमेकांना मामा केलं. तशा मुलीला, तशा मुलाला मी शाळेत जा असंच सांगेन, थोडी ओढाताण करूनही. त्यांच्यासाठी ती फी दाराची आहे.

बाकीच्यांना अधलेमधले रस्ते आहेत आणि ते स्वस्त आहेत. पुण्यात उन्हाळ्यात होणारा रसास्वादाचा महिन्याभराचा कोर्स करा. नोकरदार, प्राध्यापक, निवृत्त मंडळी सगळे येतात. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे. वर्गणी भरा आणि वर्षभर बघा. मोबाइलवर पाच मिनिटांची एक फिल्म करा, पण पूर्ण करा, आवाजासकट, नावांच्या पाट्यांसकट. फोन करणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो. बहुतेकांचा पुन्हा फोन येत नाही. ज्यांचा येतो त्यांचा प्रश्न बदललेला असतो. ‘जाऊ का’ऐवजी ‘माझ्या फिल्ममधला पंख्याचा आवाज कसा घालवू’ असं काहीतरी विचारतात, आणि त्यांच्याशी मी तासभर बोलतो.

पैसे भरून शाळेत जायचं ठरलंच असेल तर एक काम करा. संस्थेच्या पोस्टरवरच्या यशस्वी माजी विद्यार्थ्यांना सोडून द्या. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या अख्ख्या बॅचमधल्या, तुमच्या खात्यातल्या, चार जणांचे नंबर मागा. त्यांना विचारून दिले तरी चालतील. त्या चौघांना आज काय काम करता, कर्ज फिटलं का, बॅचमधले किती जण लाइनीत टिकले, हे सरळ विचारा. हल्लीची मुलं मोकळेपणाने सांगतात. आणि जी संस्था असे नंबर द्यायला टाळाटाळ करते, तिथे अर्जाचे पैसेसुद्धा भरू नका.